तीन एक्स वजा चार वाय

तुळजापूरच्या स्टँडवर उजाडायच्या आत एक जोडपं रोज एकाच स्कूटरवरून यायचं आणि एकमेकांकडं पाठ फिरवून निघून जायचं. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. यज्ञेश नळदुर्गावरून जाणारी उमरग्याची गाडी धरायचा, शिवरंजनी धाराशिवची. धाराशिवला उतरून तिला पुन्हा भूमची गाडी बघावी लागे. दोघंही अकरावी-बारावीला गणित शिकवायची, आणि दोघंही तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व हा शब्द कानाला मोठा भारदस्त लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की एक घंटा वाजली की तुम्ही मास्तर आणि दुसरी वाजली की तुम्ही कुणीच नाही.

लग्न ठरलं तेव्हा यज्ञेशच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, गावभर सांगितलं होतं की पोरगाही एमएस्सी आणि सूनही एमएस्सी, दोघांचा विषय गणित, आता काळजी मिटली. दत्तोपंतांचा जन्म तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेला. नोकरी एकदा चिकटली की निवृत्त होईपर्यंत सुटत नाही, अशी त्यांची समजूत. लेकानं आणि सुनेनं मिळून ती समजूत वर्षावर्षानं झिजवत आणली. आता ते कुणाला काही सांगत नसत. सकाळी ओट्यावर पेपर वाचत आणि शिक्षकभरतीची बातमी आली की ते पान घडी घालून असं ठेवत, की घरात शिरणाऱ्याला आधी तेच दिसावं.

शिवरंजनीला त्या पानाचा राग यायचा. खरं तर तिला सगळ्याचाच राग यायचा: गाडीत शेजारी बसून खांद्यावर मान टाकणाऱ्या बायकांचा, 'मॅडम, तुम्ही अजून परमनंट नाही का?' असं दर जूनमध्ये विचारणाऱ्या पोरांचा, पौर्णिमेला भक्तांनी भरून वाहणाऱ्या गाड्यांचा. पण थकव्याचं एक बरं असतं. राग फार वेळ धरून ठेवता येत नाही. धाराशिव सोडून गाडी थोडी पुढं गेली की तिचा डोळा लागायचा.

जाई, त्यांची मुलगी, तिसरीत होती. तिची वेणी तिची आजी अनसूयाबाई घालत, डबाही त्याच भरत, पालकसभेलाही त्याच जाऊन बसत. एकदा शाळेतल्या बाईंनी जाईला विचारलं, "तुझे आईबाबा काय करतात गं?" जाई म्हणाली, "गाडीत बसतात." घरी हा विनोद सांगून झाला आणि सगळे पोट धरून हसले. शिवरंजनीही हसली. मग मोरीत जाऊन तोंड धुवून आली.

अशात तुळजापुरातल्याच एका संस्थेच्या ज्युनियर कॉलेजात गणिताची जागा निघाली. पक्की, कायमची, आणि एकच. घरातून निघून पायी जाता येईल, मधल्या सुट्टीत जेवायला घरी येता येईल, एवढ्या अंतरावर. सरकारच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा होता. इथं या दोघांनी जे केलं, ते गणितवाल्यांनाच सुचावं. दोघांनीही पहिली पसंती तीच भरली. यज्ञेशनं रीतसर पटवून दिलं. एकानं अर्ज केला तर घराला नोकरी लागायची शक्यता एवढी, दोघांनी केला तर जवळजवळ दुप्पट. "कुणालाबी लागू दे ना, येणार तर आपल्याच घरात," तो म्हणाला. शिवरंजनीनं मान डोलावली. हिशोब बिनचूक होता. त्यात फक्त एवढंच धरलं नव्हतं, की ज्याला लागणार नाही तो त्याच घरात, त्याच ताटांच्या रांगेत जेवायला बसणार आहे आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एकटाच स्टँडवर जाणार आहे.

तिनं तेव्हा काही म्हटलं नाही. तिला ती जागा स्वतःला हवी होती. 'आपल्याला' नव्हे, स्वतःला. इतकी हवी होती की देवळावरून जाताना पदर डोक्यावर घेऊन ती फक्त तेवढंच मागायची. पण बायकोनं नवऱ्यासमोर बसून 'मला लागू दे, तुम्हाला नको' असं म्हणायची रीत आपल्याकडं कुठं आहे? 

मुलाखतीला दोघांचीही नावं आली.

मुलाखत मे महिन्यातल्या एका रणरणत्या दिवशी होती. निघताना अनसूयाबाई दही-साखरेची वाटी घेऊन उंबऱ्यात आल्या. दोन तळहात त्यांच्यासमोर आले. आधी कुणाच्या हातावर ठेवायचं, असा त्यांनी क्षणभर विचार केला, तो शिवरंजनीला दिसला. त्यांनी आधी लेकाच्या हातावर ठेवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं तिलाही म्हणता आलं नसतं. पण दही घशाखाली उतरताना आंबट लागलं.

कॉलेजच्या व्हरांड्यात एका बाकावर सगळे उमेदवार बसले होते. बार्शीचा एकजण सारखा पाणी पीत होता. लातूरकडची एक पोरगी इतकी टवटवीत दिसत होती की शिवरंजनीनं तिच्याकडं पाहायचंच टाळलं. पद्धत अशी होती: आत बारावीच्या जादा तासाची खरीखुरी पोरं बसवलेली, मागच्या बाकांवर समिती. उमेदवारानं आत जाऊन पोरांना पाठ शिकवायचा. विषय सगळ्यांना एकच, म्हणजे तुलना सोपी; फक्त एकानं जिथं सोडलं तिथून पुढच्यानं घ्यायचं. रेषेचा चढ, समांतर रेषा आणि एकक सदिश, म्हणजे दिशा दाखवणारा बरोबर एक लांबीचा बाण. शिकवून झालं की मागच्या दारानं बाहेर जायचं, म्हणजे आत काय विचारलं ते बाकावरच्यांना कळू नये.

नावं अक्षरक्रमानं होती. यज्ञेश आत गेला. त्याच्यानंतर तिचाच नंबर होता. दार बंद होतं, पण त्याचा आवाज अधूनमधून ऐकू येत होता. उमरग्याच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला तो आवाज. तिनं डोळे मिटले. आदल्या दिवशी त्यानं उमरग्याला सकाळचे सगळे तास घेतले होते, दुपारी कुणा रजेवरच्या सरांचे घेतले होते, नळदुर्गाजवळ गाडी बंद पडली म्हणून घरी पोचायला त्याला उशीर झाला होता. आणि रात्री जेवताना त्यानं भाकरीचा घास हातात तसाच धरून डुलकी काढली होती. बिचारा, असं तिच्या मनात आलं. पाठोपाठ हेही आलं, की माझी गाडी बंद पडली नव्हती म्हणून मी काय ताजीतवानी आहे का?

शिपायानं तिचं नाव पुकारलं.

वर्गात पंखे फिरत होते आणि गरम हवा इकडून तिकडं ढकलत होते. मागं संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव पांढऱ्या कपड्यांत ऐसपैस बसले होते. त्यांच्या शेजारी प्राचार्य. आणि एका बाजूला, चष्मा कपाळावर चढवून, बाहेरगावाहून बोलावलेले विषयाचे तज्ज्ञ, बिराजदार सर. समोर चिवड्याच्या बशा. चिवडा हिंमतरावांनीच संपवलेला दिसत होता.

"या मॅडम," बिराजदार सर म्हणाले. "आधीच्या सरांनी इथवर आणलंय. दोन्ही रेषांचे चढ काढलेत. तुम्ही इथून पुढं घ्या. या रेषांना समांतर असणारा एकक सदिश पोरांना काढून दाखवा. फळा पुसू नका."

"आधीचे सर म्हंजे यांचेच मालक की," हिंमतराव हसत म्हणाले. "घरचंच काम पुढं न्यायचंय म्हणा."

पोरं खुसखुसली. शिवरंजनीही रीत म्हणून हसली आणि फळ्याकडं वळली.

फळ्यावर यज्ञेशचं ते ठाशीव, उजवीकडं कललेलं अक्षर होतं. वर बिराजदार सरांनी दिलेली दोन समीकरणं. पहिलं, तीन एक्स वजा चार वाय अधिक पाच बरोबर शून्य. दुसरं, सहा एक्स वजा आठ वाय अधिक दहा बरोबर शून्य. खाली दोन्हींचा चढ, म्हणजे रेष किती तिरकी आहे ते सांगणारा आकडा. पहिलीचा तीन भागिले चार. दुसरीचा सहा भागिले आठ, म्हणजे तोही तीन भागिले चार. चढ सारखे. आणि त्याखाली निष्कर्ष: म्हणून या रेषा समांतर आहेत. खाली दोन जाड रेघा.

तिनं वरची दोन्ही समीकरणं पुन्हा वाचली.

दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट होती. तिनाचे सहा, चाराचे आठ, पाचाचे दहा. दोनाचा पाढा येणाऱ्या पोरालाही दिसावं. चढ सारखे आले म्हणजे रेषा समांतर असतील किंवा दोन्ही मिळून एकच रेष असेल. कोणतं ते ठरवायला शेवटचा आकडा पाहावा लागतो. तो पाहिला की कळतं, की फळ्यावर दोन रेषा नव्हत्याच. एकाच रेषेला दोन नावं दिलेली होती. बिराजदार सरांनी सापळा लावला होता आणि यज्ञेश चढ पाहून थांबला होता.

यज्ञेश! 'शेवटचा आकडा बघितल्याबिगर समांतर म्हणायचं न्हाय' असं पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेणारा माणूस. तो इथं चुकेल? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चुकला नाही. मुद्दाम केलं. आपल्यानंतर तिचाच नंबर आहे हे त्याला माहीत होतं. नोकरी तिला लागावी म्हणून हा माणूस भरल्या वर्गात खोटं लिहून मागच्या दारानं निघून गेला. तिला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी फूल आणलं नव्हतं, आणि आज हे.

हे सगळं तिनं स्वतःला सांगितलं, तेव्हा ती निष्कर्षाखालच्या त्या दोन जाड रेघांकडं पाहत होती. दोन रेघा तो कधी मारतो, हे तिला ठाऊक होतं. उत्तर बरोबर आलंय याची पक्की खात्री असली, की मगच. ती खात्री त्या रेघांत खडू मोडेपर्यंत दाबलेली दिसत होती. शिवरंजनीला ते दिसलं. दिसलं आणि तिनं नजर हलवली.

आता गंमत अशी, की तिच्या कामाला ती चूक आडवी येतच नव्हती. रेषा दोन असोत की एक, चढ तोच, दिशा तीच, एकक सदिश तोच. तिनं सरळ पुढून सुरुवात केली असती, तर कुणी तिला अडवलं नसतं. यज्ञेशचं वाक्य फळ्यावर तसंच राहिलं असतं. तिचा पाठ चांगला झाला असता, त्याचाही वाईट झाला नाही असं निदान पोरांना तरी वाटलं असतं. बिराजदार सरांना काय ते कळलं असतं, पण ते त्यांच्यापाशी राहिलं असतं.

पुढच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक पोरगी त्या वाक्यावर चौकट आखत होती. वहीत. पट्टी लावून.

शिवरंजनीनं खडू उचलला. "तुझं नाव काय गं?"

"राजनंदिनी, मॅडम."

"राजनंदिनी, समांतर रेषा म्हणजे कशा?"

"कदीच भेटत न्हायत त्या."

"बरोबर. एक्स एक घे आणि वाय दोन. पहिल्या समीकरणात घालून बघ."

पोरीनं ओठ हलवत हिशोब केला. "तीन वजा आठ अधिक पाच. शून्य आलं की मॅडम."

"म्हणजे तो बिंदू पहिल्या रेषेवर आहे. आता तोच दुसऱ्यात घाल."

"सहा वजा सोळा अधिक दहा." राजनंदिनी थांबली. तिनं मान वर करून फळ्याकडं पाहिलं, मग शिवरंजनीकडं. "हितंबी शून्यच."

मागून एक पोरगा ओरडला, "मंग त्या भेटल्या की!"

"भेटल्या? बरं, दुसरा एखादा बिंदू बघा. तुमच्या मनानं काढा."

वर्ग कामाला लागला. जो तो पहिल्या रेषेवरचा एकेक बिंदू शोधून दुसरीत घालू लागला आणि प्रत्येकाचं शून्य येऊ लागलं. दुपारच्या उन्हात पेंगलेली ती पोरं एकदम जागी झाली. "मॅडम, सगळेच बसायलेत!" "मॅडम, ह्या दोन रेषाच न्हायत!" शिवरंजनीच्या अंगातला शीण कुठल्या कुठं गेला. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, की आपण मास्तरीण आहोत, नुसत्या गाडीत बसणाऱ्या बाई नाही. तिला फार बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

"मंग सर चुकले का?" त्या मागच्या पोरानं विचारलं.

हिंमतराव पुढं वाकले. बिराजदार सरांनी कपाळावरचा चष्मा खाली, डोळ्यांवर घेतला.

"चुकले," शिवरंजनी म्हणाली. "चढ बघून थांबले. तुम्ही थांबू नका."

तिनं डस्टर घेतलं आणि ते वाक्य त्याच्या दोन रेघांसकट पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं: ही एकच रेष आहे. राजनंदिनीनं वहीतली चौकट खोडली आणि नवी आखली.

पुढचं सगळं हातचा मळ होता. चढ तीन भागिले चार, म्हणजे आडवं चार पावलं गेलं की उभं तीन पावलं वर. चाराचा वर्ग, तिनाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. लांबी आली पाच. आपल्याला हवी एक. मग दोन्ही आकड्यांना पाचानं भागा. चार पंचमांश आणि तीन पंचमांश. "झालं? नाही झालं. आणखी एक उत्तर आहे. इथून उमरग्याला जाणारी गाडी आणि उमरग्याहून इथं येणारी गाडी. रस्ता तोच ना? रस्त्याचा चढ बदलतो का? पण गाड्यांची तोंडं उलट. म्हणून एकक सदिश दोन. एक अधिक, एक वजा." पोरांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच ते लगेच पटलं, कारण त्यातली निम्मी रोज गाडीनंच येत होती.

ती मागच्या दाराकडं निघाली तेव्हा हिंमतराव दारापाशी आले. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मूळ कागदपत्रं तयार ठेवा. रीत म्हणून बाकीच्यांचं बघावं लागंल, पण तुमी ठेवा तयार." आणि मग जरा अवघडून, "सरांचं वाईट वाटलं. माणूस चांगला हाय."

"हो," ती म्हणाली.

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. सगळं त्यानंच दिलंय, ती स्वतःला बजावत होती. भेटला की आधी त्याचे हात धरायचे. रस्त्यात असलो तरी धरायचे.

यज्ञेश रसवंतीच्या बाकावर बसला होता. तिला पाहताच उठून उभा राहिला. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिचे हात जागच्या जागी राहिले.

तो खुशीत होता. कितीतरी वर्षांत तिनं त्याला असा पाहिला नव्हता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तशीच होती, पण आतला माणूस बदलला होता.

"बस की, दम खा," त्यानं रसवंतीवाल्याला दोन ग्लास सांगितले. "तुझं कसं झालं? चांगलंच झालं असणार म्हणा. माझं तर लई भारी झालं गं. बिराजदार सर सारखे वहीत काहीतरी टिपून घ्यायले होते. पोरंबी गुणी. एक अडखळ न्हाय. इतका थकलो होतो, म्हणलं तोंडातून शब्द फुटतोय का न्हाय. पण फळ्यासमोर उभारलो आणि सगळं आपोआप आलं बघ."

ती बसली. चरक फिरत होता, त्याचे घुंगरू वाजत होते. आल्याचा वास येत होता.

"तुला सांगू का," तो म्हणाला, "मी हितं बसून सगळं ठरवूनबी टाकलं. उमरग्याचं सोडायचं. जाईला शाळेत मी सोडणार. आईला आता उगं पळवायचं न्हाय. आणि तूबी भूमचे तास कमी कर. रोज जायची गरज काय? घरी राहा जरा. झोप काढ." तो हसला. "लई झालं गं आपलं दोघांचं."

ग्लास आले. तिनं ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. गप्प बसून आजचा दिवस त्याला मिळू द्यावा, असं तिला वाटलं. उद्या कळेलच. एक दिवस खुशीत जाऊ द्यावा माणसाचा. पण तो घरी जाऊन दत्तोपंतांना सांगेल, अनसूयाबाई देवीपुढं दिवा लावतील, जाईला कडेवर घेऊन तो नाचवेल. आणि हे सगळं होत असताना ती तिथं उभी असेल, मूळ कागदपत्रं कुठल्या ट्रंकेत आहेत ते आठवत. ते तिच्यानं झालं नसतं.

"अहो," ती म्हणाली, "त्या दोन रेषा नव्हत्या."

"म्हंजे?"

"दुसरं समीकरण पहिल्याची दुप्पट होतं. शेवटचा आकडा बघा. पाचाचे दहा."

यज्ञेशनं ग्लास खाली ठेवला. त्याचे ओठ हलले. तीन, सहा. चार, आठ. पुढं ओठ हलले नाहीत. चेहऱ्यावरची खुशी एकदम गेली नाही, थोडी थोडी निघून गेली, आणि तिला ते शेवटपर्यंत पाहावं लागलं.

"आयला," तो म्हणाला. मग, "मी पोरांना हेच घोकायला लावतो गं."

"माहीत आहे."

"तू आत गेलीस तवा फळ्यावर तसंच होतं?"

"तसंच होतं."

"मंग?"

"पोरांकडून काढून घेतलं. आणि पुसलं."

त्यानं मान हलवली. मास्तर मान हलवतो तशी, पद्धत बरोबर आहे म्हणून. "पोरांनी वहीत दुरुस्त केलं का?"

"केलं."

"बरं झालं." तो चरकाकडं पाहत राहिला. रसवंतीवाला एकच कांडं दुमडून पुन्हा पुन्हा घालत होता. यज्ञेशच्या कपाळावर आठी पडली. गणितातला माणूस, हिशोब सुरू झाला की पूर्ण होईतो थांबत नाही. "तुला कुठनं पुढं घ्यायला सांगितलं होतं?"

"एकक सदिश काढा म्हणाले."

"त्याला ह्याची गरज न्हाय. रेष एक असो न्हायतर दोन. तसंच पुढं गेली असतीस तरी आलं असतं उत्तर."

"आलं असतं."

"मंग?"

त्या 'मंग'मध्ये राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. शिवरंजनीकडं दोन उत्तरं तयार होती. पोरांच्या वहीत चुकीचं राहिलं असतं, हे एक. आणि मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम केलंत, हे दुसरं. दोन्ही साफ खोटी नव्हती. कुठलंही दिलं असतं तरी तो मान हलवून उठला असता आणि दोघं घरी गेली असती. पण तिनं त्याच्याकडं पाहिलं. खुशी निघून गेल्यावर उरलेला तो चेहरा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. स्टँडवर पाठ फिरवण्याआधी दिसणारा. त्या चेहऱ्याला अर्धवट उत्तर देणं तिला जमेना.

"मला पाहिजे होती ती नोकरी," ती म्हणाली. "आपल्या घराला न्हाय. मला. चूक बघितली तवा मी म्हणलं, तुम्ही माझ्यासाठी केलीय. पण आत कुठंतरी मला माहीत होतं, की तुम्ही नुसते थकलाव. तरी पुसलं."

स्टँडवरून एक गाडी वळून बाहेर पडली, तिची धूळ रसवंतीपर्यंत आली. यज्ञेशनं आपल्या ग्लासावर तळहात ठेवला आणि मग, सवयीनं, दुसरा तळहात तिच्या ग्लासावर.

"आधीच म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "एवढी पाहिजे होती तर. मी अर्जच केला नसता गं."

तो खरं बोलत होता. शिवरंजनीला ते कळलं, आणि तिथं बाकावर, चार माणसांदेखत, तिला रडू कोसळलं.